गिडियन रस्कचं कोर्ट

पोर्ट रॉयल, तुरुंग
सोमवार, ९ जुलै १७२२

लव्हडे,

अक्षर ओळखून तू पत्र फाडायच्या आत कामाचं बोलून घेतो. तुझ्या नवऱ्याने, डिगरीने, तीन वर्षांपूर्वी सही करून दिलेला कागद तुझ्याकडे आहे. त्याच्या ‘चॅरिटी’ जहाजावर शिडं शिवणारा पेट्रॉक हेंडी याला चाच्यांनी पिस्तूल रोखून पळवून नेलं, तो आपल्या पायाने गेला नाही, असं त्यात लिहिलंय. तो कागद पुढच्या शुक्रवारी, वीस तारखेला, कोर्टात पोचला तर मी सुटतो. नाही पोचला तर लटकतो. आमच्या बावीस जणांचे निकाल लागून गेले. मला एकट्याला मुदत मिळाली, ती मी घसा फुटेपर्यंत ओरडलो म्हणून. म्हटलं, कागद आहे, सख्ख्या बहिणीकडे आहे, ती इथेच समोर किंग्स्टनला राहते, होडीने तासाभराचं अंतर.

हे पत्र जेलरची बायको ज्युडिथ आणेल. कासवाचं मटण घेऊन ती दर दोन-तीन दिवसांनी तुमच्या बाजारात येते. बाई तोंडाची फाटकी आहे, पण पत्र वाचायची नाही, कारण तिला वाचताच येत नाही.

डिगरीचं कळलं. समुद्रावर तापाने गेला म्हणे. फार वाईट झालं गं. असा माणूस लाखात एक. पोरींना माझ्याकडून जवळ घे.

तू म्हणशील, त्या रस्कच्या टोळीत तीन वर्षं राहिलास कसा? पिस्तुलापुढे कोण काय करतो सांग! आणि गिडियन रस्क पहिल्यापासून राक्षस नव्हता. तो साखरेच्या जहाजावर खलाशी होता. कॅप्टन होता बर्नबी स्नेल नावाचा कसाई. हातातून बादली सुटली म्हणून स्नेलने रस्कला साठ फटके मारले आणि वरून मीठ चोळलं. ती पाठ मी पाहिलीय, नांगरलेल्या शेतासारखी होती. तशीच शिक्षा खाऊन दुसरा एक खलाशी मेला, त्या दिवशी रस्क आणि सहा जणांनी जहाज ताब्यात घेतलं.

दुसरा कोणी असता तर स्नेलचा गळा चिरून मोकळा झाला असता. रस्कने त्याला डोलकाठीला बांधलं आणि एकेका खलाशाला पुढे बोलावून विचारलं, “तुझा कॅप्टन तुझ्याशी कसा वागला?” ज्याने जे सोसलं होतं ते त्याने सांगितलं आणि सांगून झाल्यावर तेच स्नेलला परत केलं. ज्याचे दात पडले होते त्याने दात पाडले. ज्याचा हात तापल्या डांबरात बुडवला होता, त्याने डांबर तापवायला ठेवलं. दुपारपर्यंत स्नेलला त्याच्या आईने ओळखलं नसतं. मग त्याला पाण्यात ढकललं.

तेव्हापासून हाच कायदा झाला. जहाज पकडलं की आधी डेकवर कोर्ट भरायचं, लूट नंतर. खलाशी म्हणाले कॅप्टन वाईट, तर त्याची धडगत नाही. म्हणाले चांगला, तर त्याला जहाजासकट मानाने सोडायचं. तीन वर्षांपूर्वी आमची ‘चॅरिटी’ पकडली तेव्हा डिगरीचंही कोर्ट झालं. आम्ही अकरा जण होतो आणि अकराही जण म्हणालो, चांगला. रस्कने डोक्यावरची टोपी काढली. “कॅप्टन किट्टो,” तो म्हणाला, “तुमच्यासारखे आणखी चार निघाले तर माझा धंदा बसेल.” सगळे हसले. डिगरीसुद्धा हसला.

आणि जाता जाता त्यांना शिडं शिवणारा हवा होता, म्हणून माझ्या कानाला पिस्तूल लावून मला घेऊन गेले. कागदात आहे तसंच झालं. तेवढा घेऊन ये.

तुझा भाऊ
पेट्रॉक

•

गुरुवार, १२ जुलै

लव्हडे,

ज्युडिथ सांगते, तू पत्र घेतलंस, तिच्यासमोर दोनदा वाचलंस आणि दार लावलंस. “तुझी बहीण पाणी तरी पी म्हणाली नाही रे,” असं मलाच सुनावते. अगं, एक शब्द तरी पाठवायचास! हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, थोबाडीत मारायचीस तीसुद्धा बोलत बोलत मारायचीस. तुझं हे गप्प बसणं मला सोसत नाही.

बरं. तुला वाटत असेल की हा पोरगा नेहमीसारखा थापा मारतोय, तर ऐक. पिस्तूल वगैरे काही नव्हतं. मी आपण होऊन गेलो. तुझ्या नवऱ्याच्या जहाजावर दोन वर्षं खारं मांस आणि किडकी बिस्किटं खाऊन मी विटलो होतो, आणि समोर ती माणसं कोंबड्या भाजून खात होती, कोणाला ‘साहेब’ म्हणत नव्हती. कॅप्टनसुद्धा मतं देऊन निवडायचे आणि नको झाला तर मतं देऊनच उतरवायचे. मला वाटलं, जगावं तर असं.

पण अशा वेळी आपल्या कॅप्टनकडून जबरदस्तीचा कागद लिहून घेतात. निम्मे चाचे तसा कागद मागे ठेवून येतात, पुढेमागे पकडले गेलोच तर असावा म्हणून. मी डिगरीला पाण्याच्या पिंपांमागे ओढला.

“मी खोटं लिहीत नाही, पेट्रॉक,” तो म्हणाला.

“मग मला फाशी झालेली चालेल तुला?”

“तू जाऊच नकोस ना. तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू?”

“कागद दाखव,” मी म्हणालो. “म्हणजे तिला वाटेल, बिचाऱ्याला पळवला.”

त्याने लिहिला. आयुष्यात केलेली ती त्याची एकमेव लबाडी असेल, आणि तीही तुझ्यासाठी.

पहिलं दीड वर्ष काय सांगू! रस्कचं ‘जस्टिस’ जहाज होतं, त्याची तीन जहाजं झाली, माणसं दोनशेवर गेली. ब्रिस्टलपासून बार्बाडोसपर्यंत कॅप्टनांनी चाबूक पेटीत घालून ठेवले, का तर उद्या रस्कने पकडलं तर खलाशी काय सांगतील! मार्टिनिकच्या किनाऱ्यावरचा एक किल्लेदार आम्हाला नुसतं पाहून किल्ला सोडून पळाला. खलाशी आपलं जहाज आमच्या हाती लागावं म्हणून मुद्दाम सुकाणू ढिलं सोडायचे. मला अभिमान वाटायचा, खरंच सांगतो.

मग त्या कोर्टाची चटक लागली. नवे आलेले लोक लुटीपेक्षा कोर्टावर जीव टाकायला लागले. आरोपी कॅप्टनला डोलकाठीभोवती पळवायचं आणि गोल करून उभ्या राहिलेल्यांनी त्याला शिडाच्या सुया टोचायच्या, असा एक खेळ निघाला. सुया माझ्याच. रक्ताने गंजायच्या म्हणून मी कटकट करायचो, टोचायच्या म्हणून नाही. एका फ्रेंच कॅप्टनला त्याचे खलाशी चांगला म्हणाले. रस्क हसला आणि म्हणाला, “नीट आठवून सांगा.” ते परत चांगला म्हणाले. रस्कने पिस्तूल काढून मांडीवर ठेवलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा कोण चांगला म्हणेल? त्या फ्रेंचाच्या बोटांमध्ये जळत्या वाती बांधल्या. मांस जळल्याचा वास दोन दिवस जहाजावर होता.

त्याच सुमारास क्लेग नावाच्या आमच्या सुताराच्या कोटाच्या अस्तरात जबरदस्तीचा कागद सापडला. रस्क म्हणाला, “ज्याने कागद ठेवला, त्याचा एक पाय जमिनीवर आहे. उद्या तो आपल्याला विकेल.” तोच कागद क्लेगच्या घशात कोंबला आणि वरून बंदुकीची नळी. मग नवा कायदा झाला: कागद असेल तो मरेल. त्या रात्रीपासून मला झोप नाही. माझा कागद तुझ्याकडे होता आणि तो मी मागून घेतलाय हे जगात फक्त डिगरीला ठाऊक होतं.

आता आणखी एक. मन घट्ट कर. तापाचं खोटं होतं. एप्रिलमध्ये ‘चॅरिटी’ पुन्हा आमच्या हाती लागली. डिगरीला रस्कने मारलं. मी तेव्हा खाली शिडांच्या कोठीत होतो, वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. मी काहीच करू शकलो नाही.

वीस तारखेला कागद आण. मी तुझ्या पाया पडतो.

पेट्रॉक

•

रविवार, १५ जुलै

लव्हडे,

काल रस्कला फाशी दिली. गॅलोज पॉइंटवर नेलं. आमच्या खिडकीतून सगळं दिसतं. दोर आखूड बांधला होता, त्यामुळे मान मोडली नाही. गुदमरत किती वेळ हलत होता! शेवटी एका सैनिकाला दया आली आणि तो त्याच्या पायांना लोंबकळला. आता अंगाला डांबर फासून लोखंडी पिंजऱ्यात टांगून ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दिसावा म्हणून. पक्षी सकाळपासून जमलेत.

तुझं अजून उत्तर नाही. ठीक आहे. तुला त्याचा शेवट कसा झाला ते सांगतो, वाचून तुझ्या जिवाला बरं वाटेल. त्याला खाली मीच ओढला, लव्हडे, मी.

हेही सांगून टाकतो की गेलं वर्षभर मी नुसता शिडं शिवत नव्हतो. मी क्वार्टरमास्तर होतो, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा माणूस. टोळी त्यालाही मतं देऊन निवडते. कॅप्टन मर्यादेबाहेर गेला तर त्याला आवरायचं काम त्याचं. शिक्षा द्यायची झाली तर फटके मारायचा हक्कही त्याचाच, कॅप्टनलासुद्धा तो नाही. इथल्या कोर्टाला हे माहीत नाही. नौदलाने पकडलं तेव्हा मी सुई-दोरा घेऊन कोठीत बसलो होतो, आणि बावीसपैकी एकाही गड्याने माझं नाव घेतलं नाही.

जूनमध्ये रस्कने आमच्या आचाऱ्याला, इव्हान प्रॉसरला, सूप थंड आहे म्हणून दोराच्या टोकाने मारलं. इव्हान साठीचा, पायाने अधू. पडला, डोकं तोफेवर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी मेला. दीडशे फ्रेंच-इंग्रज मेले तरी कोणाला काही वाटलं नव्हतं. पण रस्कने आपल्याच माणसावर हात उगारला होता, तेही दोराच्या टोकाने, स्नेलसारखा.

मी डेकवर उभा राहिलो आणि ओरडलो, “कोर्ट!”

रस्कला वाटलं, थट्टा आहे. त्याला डोलकाठीला बांधेपर्यंत तो हसत होता. मी विचारलं, “गड्यांनो, तुमचा कॅप्टन तुमच्याशी कसा वागला?” लोक एकमेकांच्या अंगावरून पुढे आले. ज्या तोंडांनी दोन वर्षं त्याचा जयजयकार केला होता, त्यांना एकेक गोष्ट आठवत होती. इतकं साठलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याचा सदरा फाडला आणि त्या जुन्या पाठीवर चाबूक चालवला. वीस झाले, तीस झाले, जुने वण उसवून रक्त पायांपर्यंत आलं.

तेवढ्यात वरून टेहळ्या ओरडला, “जहाज! व्यापारी, एकटंच!”

आमच्या कायद्यात एक कलम आहे. पाठलाग किंवा लढाई सुरू झाली की कोर्ट बंद, मतं बंद, कॅप्टनचा शब्द शेवटचा. रस्कने मान वर केली. “व्यापारी नाही ते,” तो म्हणाला. “नौदलाचं आहे. तोफांवर रंगवलेलं कापड टाकलंय. सोडा मला, लढाई आहे!”

अख्खं डेक हसायला लागलं. “बघा, बघा, कॅप्टनला लढाई आठवली!” “आणखी दहा फटक्यांत ह्याला स्पेनचं अख्खं आरमार दिसेल!” तो लोकांना शिव्या देत होता, मग विनवायला लागला, आणि तो जितका विनवत होता तितके लोक हसत होते. सुटण्यासाठीच कलम वापरतोय, अशी सगळ्यांची खात्री होती. एकानेही तोफेला हात लावला नाही. ते जहाज आरामात जवळ आलं, कापड खाली पडलं आणि एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम सुटल्या. पहिल्या फैरीत साठ माणसं गेली. माझ्या शेजारचा गडी ‘आणखी दहा’ म्हणत होता, त्याचं कंबरेवरचं अंग राहिलंच नाही. मी आतड्यांवरून घसरत कोठीत गेलो. रस्क डोलकाठीला बांधलेला होता, तिच्या आडोशाने वाचला.

असा मी डिगरीचा सूड घेतला. ते सगळं मी डिगरीसाठीच केलं.

आणि डिगरी गेला त्या दिवशी मी कोठीत नव्हतो. डेकवर होतो. पण मी तोंडातून शब्द काढला नाही, देवाशपथ. डिगरीच्या स्वतःच्या खलाशांनीच त्याचा घात केला. तीच आठ माणसं रस्कच्या तोंडाकडे बघून म्हणाली, वाईट आहे, मारतो, उपाशी ठेवतो. एवढं त्याचं मीठ खाल्लेली माणसं! मग मी एकटा काय बोलणार होतो?

कागद घेऊन ये. पाच दिवस राहिले, लव्हडे.

पेट्रॉक

•

बुधवार, १८ जुलै

लव्हडे,

ज्युडिथ म्हणाली, रविवारचं पत्र वाचताना तू चुलीजवळ बसली होतीस आणि एकदाही वर पाहिलं नाहीस. तिने तुझ्याबद्दल पहिल्यांदाच वाईट शब्द काढला नाही. मला ते आवडलं नाही.

मला खरं सांगून टाकायचंय. चांगला झालो म्हणून नाही. रस्क फाशीच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या शेजारच्या कोठडीत होता, आणि त्याने जे विचारलं ते डोक्यातून जात नाही.

“हेंडी, तुझा मेहुणा चांगला माणूस होता ना?” भिंतीपलीकडून तो म्हणाला.

“होता.”

“मला माहीत होतं. पहिलं कोर्ट मला आठवत होतं. मी टोपी काढली होती त्याच्यासमोर.”

“मग मारलास कशाला, हलकटा?”

“मी कुठे? तू सांगितलंस, तूच मारलंस. दोनशे माणसांना रक्त हवं होतं आणि मला त्यांची मतं हवी होती.” थोडा वेळ तो खोकला. “तुला काय हवं होतं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.”

त्याचं उत्तर तुला देतो.

‘चॅरिटी’च्या आठही जणांनी डिगरीला चांगलाच म्हटलं. रस्कने तीनदा विचारलं. पिस्तूल मांडीवर ठेवून विचारलं. आठही जण तीनदा म्हणाले, चांगला. असं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्या लोकांनी त्यांच्यातल्या तिघांना डेकवर पाडून काठ्यांनी हाडं मोडली, तरी त्यांचा तांडेल तोंडातलं रक्त थुंकून ओरडत होता, “चांगला! चांगला! चांगला!”

मग रस्क माझ्याकडे वळला. “आपला क्वार्टरमास्तर ह्याच्या हाताखाली दोन वर्षं होता. तो सांगेल.”

आपल्या टोळीतल्या एकाचा शब्द आठ परक्यांच्या वर असतो, हाही कायदाच. मी नुसतं ‘चांगला’ म्हणालो असतो तर रस्कला त्याला सोडावं लागलं असतं. तुझा नवरा आज घरी असता. सगळा खेळ माझ्या एका शब्दावर होता.

डिगरीने मला तेव्हाच ओळखलं. दाढीमुळे आधी ओळखलं नव्हतं. त्याचा चेहरा उजळला गं! “पेट्रॉक!” तो म्हणाला, “अरे, तू—”

मला वाटलं, आता हा कागदाचं बोलणार. ‘अरे, तू अजून इथेच? कागद दिला होता ना?’ असंच काहीतरी साधेपणाने बोलून जाईल. मला क्लेगचं फुटलेलं डोकं दिसलं. मी ओरडलो, “मारायचा! उपाशी ठेवायचा! मागच्या वेळी मी भीतीने खोटं बोललो होतो!”

आणि फटके मारणं माझं काम. मी चाबूक घेतला आणि त्याला श्वास घेऊ दिला नाही. नंतर गडी म्हणाले, हेंडीने मेहुण्यावर दया केली, लवकर संपवला. कसली दया! तो बोलू नये म्हणून मी जोर लावत होतो. बरगड्या दिसायला लागल्या तरी थांबलो नाही. मध्ये एकदा तो काहीतरी पुटपुटला, म्हणून मी कान जवळ नेला. म्हणाला, “लव्हडेला सांग, ताप आला होता.” एवढंच. कागदाबद्दल एक अक्षर नाही. बोलणारच नव्हता तो. एकतिसाव्या फटक्याला त्याची मान पडली, तरी मी चाळीस पुरे केले.

त्याच्या आठ जणांना आम्ही होडीत घालून सोडलं. किनारा साठ कोस होता. एवढी हाडं मोडलेली माणसं पोचली नसतील.

रस्कचं कोर्ट मी डिगरीसाठी भरवलं हेही खोटं. इव्हाननंतर रस्कची नजर माझ्यावर होती, म्हणून मी आधी हात चालवला. आणि ते जहाज दिसलं तेव्हा रस्क मला ओरडून म्हणाला होता, “हेंडी, तू शिडं शिवतोस ना, बघ तरी! व्यापाऱ्याची शिडं अशी असतात का?” मी बघितलं. एका मापाची, नवी कोरी, दुहेरी शिवण. नौदलाचीच होती. पण कोर्ट थांबलं असतं तर रस्क सुटला असता आणि पहिला मला मारला असता. मी म्हणालो, “व्यापारी आहे.” साठ माणसं गेली.

सगळं सांगितलं. आता काही लपवलेलं नाही. आणि हे सांगून झाल्यावरही मला कागद हवाय, लव्हडे. मला मरायची भीती वाटते. रस्कला दोरावर हलताना पाहिलंय मी. लाज सोडून मागतो. परवा सकाळी कोर्ट उघडेल. ये.

पेट्रॉक

•

किंग्स्टन
गुरुवार, १९ जुलै

पेट्रॉक,

‘चॅरिटी’ची होडी मे महिन्यात पोचली. आठांपैकी पाच जण जिवंत होते. तांडेल जॉब पेनरोज माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन तास बोलला, त्याच्या जबड्याला कापड बांधलेलं होतं. तू काय ओरडलास, चाबूक कोणाच्या हातात होता, किती मारलेस, सगळं मला तेव्हापासून माहीत आहे. फक्त तू का केलंस, ते त्याला सांगता आलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी कागद पेटीतून काढून टेबलावर ठेवला. डिगरीने मरताना तुझं नाव जपलं, म्हणजे तू जगावंस असं त्याला वाटत असणार, असं मी मनाला समजावत होते. तापाचं लिहिलंस त्याचा राग आला नाही. ते त्यानेच तुला सांगितलं असणार, हे मी ओळखलं. कोठीत होतो म्हणालास, तेही गिळलं. मी वाट बघत होते. खरं बोललास की लगेच निघायचं, असं ठरवून शालसुद्धा खुंटीवर काढून ठेवली होती. तू मला जन्मभर रडवलंस तरी तुझ्या गळ्यात दोर पडलेला मला बघवणार नव्हता.

मग तिसऱ्या पत्रात तू त्या आठ जणांवर ढकललंस. माझ्या नवऱ्यासाठी हाडं मोडून घेतलेल्या माणसांवर. त्यातली तीन वाटेत होडीत मेली, पेट्रॉक. जॉबचं जेवण अजून मी कुस्करून देते.

पत्र संपवलं आणि कागद चुलीत घातला. ज्युडिथ समोर बसली होती. हे रविवारचं. तुझं खरं पत्र काल बुधवारी संध्याकाळी आलं.

ते मी रात्रभर वाचलं. आधी लिहिलं असतंस तर मी कागद घेऊन आले असते. तुला हे न सांगता गप्प बसता आलं असतं, पण आपल्या दोघांत आता एक तरी खरं बोलायला हवं.

उद्या कोर्टात मी येत नाही. तिथे माझं काही काम उरलं नाही. फाशी सोमवारी होईल म्हणतात. त्या दिवशी येईन, एकटी, पोरींना आणणार नाही. दोर आखूड असेल तर तुझ्या पायांना लोंबकळायला सैनिकाची वाट बघणार नाही. मी लोंबकळेन.

लव्हडे किट्टो